घाटाखालची बंदरं आणि आपली चांदी

हुपरीत समुद्र नाही आणि चांदीची खाणही नाही. तरी गावाचं नाव निघालं की माणसं ‘चांदीचं गाव’ म्हणतात. घरोघरी पैंजणाची जोडणी चालते, घुंगरं भरली जातात, तार ओढण्याचा आवाज गल्लीगल्लीत येतो. लग्न होऊन या गावी आले तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात होता. ही चांदी पूर्वी कुठून येत असेल? आता टीव्हीवर भाव दिसतो, फोनवर सौदा होतो. पण तीनशे-चारशे वर्षांपूर्वी या कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात चांदी पोचत होती, ती कुठल्या वाटेनं?

या डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली तेव्हा आम्ही चार दिवस कोकणात गेलो. हे, मी, मुलगा, सून, नात आणि नातू. मुलांना समुद्रात खेळायचं होतं. मला मात्र बंदरं बघायची होती. शेवटी दोन्ही झालं. बंदरं बघताना त्या चांदीच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं हाती लागलं. तेच आज लिहिते.

बंदर म्हणजे समुद्रकिनारा नव्हे

कोल्हापूरहून गगनबावड्याला गेलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटानं वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणच्या अंगाला. आम्ही भुईबावड्यानं उतरलो. खारेपाटण आलं तेव्हा नातवानं विचारलं, “आज्जी, समुद्र कुठं आहे?” समुद्र तिथून पुष्कळ लांब, विजयदुर्गला. खारेपाटणला आहे ती नदी. पण हे एकेकाळचं मोठं बंदर, आणि ते गावाच्या नावातच लिहिलेलं आहे. पाटण म्हणजे पत्तन, व्यापाराचं गाव. आणि खारे, कारण भरतीचं खारं पाणी खाडीतून आत चढत येतं.

आपण घाटावरची माणसं बंदर म्हटलं की उघडा समुद्र आणि उंच लाटा डोळ्यांपुढं आणतो. जुनी बंदरं तशी नसत. शिडाच्या गलबताला वाऱ्यापासून आडोसा लागे. चाच्यांपासून लांब असलेली जागा लागे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाटाचा पायथा जवळ लागे. मालाची वाहतूक पाण्यावरून स्वस्त, जमिनीवरून महाग. बैलाच्या पाठीवर दोन गोण्या, त्यांतला काही दाणा वाटेत त्या बैलालाच लागणार. म्हणून भरतीच्या जोरावर नाव जितकी आत आणता येईल तितकी आणायची, आणि जिथं पाणी संपेल तिथं बाजार मांडायचा. खारेपाटण, राजापूर, संगमेश्वर ही गावं नकाशावर बघा. सगळी खाडीच्या शेवटी आणि घाटाच्या तोंडाशी आहेत.

माझी भाची आयर्लंडला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडंही तसंच आहे.” तिथलं न्यू रॉस हे जुनं बंदर समुद्रापासून आत, बॅरो नदीच्या काठी आहे. वेक्सफर्डचं बंदर गाळानं भरत गेलं आणि १९०६ साली जवळच रॉसलेअरला नवं बंदर झालं. कुठं आयर्लंड, कुठं आपलं कोकण! पण पाणी, गाळ आणि व्यापारी यांचे नियम सगळीकडे सारखेच.

बंदराची जकात, हजार वर्षांपूर्वीची

खारेपाटणचं नाव इतिहासात गाजलं ते तिथल्या ताम्रपटामुळं. दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराज नावाच्या राजाचा हा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा आहे. तो वाचून प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’ काढणारे तेच हे बाळशास्त्री, आणि त्यांचं पोंभुर्ले गाव याच भागातलं. पहिलं मराठी वृत्तपत्र काढणाऱ्या माणसानं आपल्या मुलखातला ताम्रपटही उलगडला, हे मला फार आवडलं.

या ताम्रपटात शिलाहारांची वंशावळ आहे, राष्ट्रकूटांची आहे, चालुक्यांचीही आहे, त्यामुळं अभ्यासकांना तो मोलाचा वाटतो. मी कॉमर्सची, माझं लक्ष गेलं ते शेवटच्या भागाकडं. राजानं एका शैव आचार्यांना देवाच्या पूजेसाठी, मठाच्या डागडुजीसाठी आणि तपस्वी, विद्वान व पाहुणे यांच्या अन्नवस्त्रासाठी गावं दिली. त्याशिवाय बंदराच्या उत्पन्नातला हिस्साही लावून दिला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं सोन्याचा एक गद्याण. कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागं एक धरण, म्हणजे त्याहून लहान सोन्याचं नाणं. आणि चेमुल्य व चंद्रपूर, म्हणजे आजचं चौल आणि गोव्यातलं चांदोर, इथून येणारी जहाजं यातून वगळलेली.

एवढ्या चार ओळींत केवढा व्यापार दिसतो बघा. परदेशी जहाजाला एक दर, दुसऱ्या ठिकाणच्या जहाजाला कमी दर, आणि काही बंदरांना माफी. आज आयात करात जे चालतं तेच हे, फक्त हजार वर्षांपूर्वीचं. आणि रोजच्या पूजेचा, अन्नदानाचा खर्च येणाऱ्या जहाजांवर लावून दिला, त्या अर्थी जहाजं नेमानं येत होती. वर्षाकाठी एखादंच जहाज येत असतं तर कुणी अशी नेमणूक करून दिली नसती.

या शिलाहारांचीच दुसरी शाखा आपल्या कोल्हापूरला, पन्हाळ्याला राज्य करत होती. कोल्हापुरात शुक्रवार दरवाज्याजवळच्या जैन मंदिरातला शिलालेख शके १०५८चा आहे, राजा गंडरादित्याच्या काळातला. त्यात वीर-बणंज व्यापाऱ्यांच्या संघानं एकत्र बसून आपल्या विक्रीच्या मालावरचा ठरावीक हिस्सा जिनमंदिराला लावून दिला आहे. घाटाखाली राजा जहाजामागं सोनं लावून देतो. घाटावर व्यापारी स्वतःच मालामागं हिस्सा लावून घेतात. धर्मादाय म्हणजे उरलंसुरलं देणं नव्हे. विक्री झाली की त्याच क्षणी तेवढी रक्कम बाजूला पडली पाहिजे. आमचे सासरे दुकानाच्या वहीत पहिल्या पानावर ‘धर्मादाय’ असं खातं उघडत, ते याच परंपरेतलं.

मंदिर, दिग्व्रत आणि श्रीपाल

खारेपाटणला जुनं जैन मंदिर आहे. इंग्रजांच्या काळात १८८० साली रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, त्यातही त्याची नोंद आहे. दक्षिण कोकणात जैनांचं हे एकच मंदिर असल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं. आमच्या हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत गावागावांत बस्ती, मानस्तंभ, पाठशाळा. तिथून घाट उतरून आल्यावर त्या शांत गावात भगवंतांसमोर हात जोडताना मला भरून आलं. कुणीतरी व्यापारासाठी इतक्या लांब आलं, आणि बाजारासोबत देवही घेऊन आलं.

तिथं बसल्यावर सुनेनं मला एक विचारलं. “आई, श्रावकाला दिग्व्रत सांगितलंय ना? मग व्यापारी समुद्रावर कसे जात असतील?” प्रश्न बरोबर होता. पाच अणुव्रतांना बळ देणारी जी गुणव्रतं, त्यांतलं पहिलं दिग्व्रत. आपण जन्मभरात कुठल्या दिशेला कुठवर जायचं, याची मर्यादा घालून घ्यायची. समंतभद्र आचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ही मर्यादा कशानं आखायची तेही सांगितलंय. समुद्र, नदी, रान, डोंगर, देश आणि योजनं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा. जैन आचार्यांना घाट, नदी आणि समुद्र या व्यापाराच्या हद्दी पक्क्या ठाऊक होत्या, हे यावरून दिसतं.

मर्यादा घाला म्हणजे जाऊच नका, असा त्याचा अर्थ नाही. लोभाला सीमा घाला, एवढाच अर्थ. सीमेपलीकडं कितीही नफा दिसला तरी त्यासाठी हिंसा आणि धावपळ करायची नाही. आपल्या कथांत समुद्रावर जाणारे व्यापारी कमी नाहीत. चारुदत्त आहे. मैनासुंदरीचा श्रीपाल तर आपण अष्टान्हिकेत सिद्धचक्र विधानाच्या वेळी दरवर्षी ऐकतो. धवल शेठ त्याला जहाजावरून समुद्रात ढकलतो आणि तो तरून किनाऱ्याला लागतो. श्वेतांबर परंपरेत तो किनारा कोकणचा, ठाण्याचा मानतात. या कथेत समुद्र वाईट नाही. वाईट आहे तो धवल शेठचा हव्यास. मुलांना गाडीत ही गोष्ट पुन्हा सांगितली, आणि खाडी समोर दिसत असल्यानं त्यांनी ती नीट ऐकली.

आणखी एक गोष्ट तिथल्या एका वयस्कर गृहस्थांशी बोलताना लक्षात आली. पावसाळ्यात शिडाची गलबतं समुद्रात जात नसत. ज्येष्ठ संपता संपता बंदर बंद व्हायचं, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा हळूहळू उघडायचं. आपले मुनीही चातुर्मासात एके ठिकाणी राहतात. कारणं वेगळी आहेत. आपलं कारण जीवदयेचं, त्यांचं वादळाचं. पण सारा मुलूखच पावसाळ्यात थांबत होता, हे मात्र खरं. आता बाराही महिने काही थांबत नाही.

विजयदुर्ग: खाडीचं कुलूप

दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी विजयदुर्गला गेलो. परंपरेनं हा किल्ला मूळचा पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाचा मानतात. शिवाजी महाराजांनी तो घेऊन मजबूत केला. तीन बाजूंनी समुद्र, तिहेरी तटबंदी, आणि आत शिरणारी वाघोटन खाडी. किल्ल्यावर उभं राहिलं की कळतं, हा किल्ला ज्याच्या हातात, त्याच्या हातात खारेपाटणचा बाजार. घराला दार आणि दाराला कुलूप, तसं हे खाडीचं कुलूप. जवळच गिर्ये गावाच्या बाजूला खाडीकाठी खडकात खोदलेली जुनी गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की तळाची डागडुजी करायची.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या परक्या जहाजाला मराठ्यांचं दस्तक लागे. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. आपल्या हद्दीत जकात मागणाऱ्याला चाचा म्हणायचं, हा सोयीचा हिशेब! पुढं तुळाजी आंग्र्यांचं आणि पेशव्यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. खाडीत उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. ते आरमार शेवटी मराठ्यांचंच होतं. भाऊबंदकीत तिसऱ्याला घरात घेतलं की तो भांडण मिटवत नाही, घरच घेतो. हे आपल्या वाटणीच्या भांडणांतही दिसतं, म्हणून मुलाला मुद्दाम सांगितलं.

जेटीवर मासळीचा बाजार होता. नात नाकाला पदर लावू लागली, तेव्हा मी तिला अडवलं. आपण खात नाही, ते आपलं व्रत. पण त्यांच्या दारात येऊन तोंड वाकडं करणं हे व्रतात बसत नाही. आमचा डबा आम्ही सूर्य मावळायच्या आत किल्ल्याच्या पायथ्याशी खाल्ला. दशम्या, शेंगांची चटणी आणि गाळून बरोबर घेतलेलं पाणी.

राजापूर आणि पन्हाळ्याचा वेढा

तिसरा दिवस राजापूरचा. अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठचं हे गाव पावसाळ्यात बातम्यांत असतं, कारण बाजारपेठेत पाणी शिरतं. सतराव्या शतकात मात्र हे कोकणातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. आदिलशाहीचा मुलूख. अणुस्कुरा घाटानं वर चढलं की कोल्हापूरचा भाग, पुढं मिरज, रायबाग, हुबळी. रायबाग आपल्याला जवळचं. त्या काळी ते मिऱ्यांची मोठी पेठ होती. वरून मिरी आणि कापड खाली यायचं, खालून परदेशी माल वर जायचा. इंग्रजांनी १६४९च्या सुमाराला राजापुरात वखार घातली. फ्रेंचांचीही वखार पुढं इथं आली. वेंगुर्ल्याला त्याआधीच डच येऊन बसले होते.

आता कोल्हापूरकरांनी ऐकण्यासारखा भाग. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज वखारवाले तोफा आणि दारूगोळा घेऊन आले होते आणि आपला झेंडा लावून गडावर मारा करत होते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक नसतं. हेन्री रेव्हिंग्टन हा त्यांचा प्रमुख. व्यापारी म्हणून परवाना घेतला, माल भरला, आणि दुसऱ्याच्या लढाईत गोळे विकायला आणि डागायलाही गेले. महाराज जुलैमध्ये विशाळगडाकडं निसटले. पण ही गोष्ट ते विसरले नाहीत. १६६१ साली त्यांनी राजापूरवर चाल केली, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केलं. उरलेले कैदी १६६३ साली सुटले.

पुढची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. इंग्रज त्या नुकसानीची भरपाई वर्षानुवर्षं मागत राहिले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा कुठं तह झाला आणि दहा हजार होन ठरले. तेही सगळे रोख मोजून दिले नाहीत. काही रक्कम इंग्रजांनी घ्यायच्या मालाच्या किमतीतून वळती करायची, काही राजापूरच्या जकातीतून. म्हणजे भरपाई हवी असेल तर आमच्या बंदरात या, आमचा माल घ्या आणि व्यापार करा! महाराजांना तलवारीबरोबर खतावणीही कळत होती.

तारेची नाणी

आता चांदीकडं येते. इंग्रज, डच, पोर्तुगीज यांच्याकडं आपल्या देशाला हवा असा माल फारसा नव्हता. आपली मिरी आणि कापड मात्र त्यांना हवं होतं. मग ते देत काय? चांदी. स्पेनची रिआल नाणी पेट्या भरभरून येत आणि इथं आटवून त्यांचे रुपये पाडले जात. आपल्या देशात चांदीच्या मोठ्या खाणी नसताना इतक्या बायकांच्या पायांत तोडे आणि वाळे आले, ते या व्यापारानं. मिरी खाली गेली, चांदी वर आली.

रिआलच्या आधीपासून कोकणच्या बंदरांत आणखी एक नाणं चालत होतं. त्याचं नाव लारी. इराणातल्या लार गावावरून पडलेलं. हे नाणं गोल नसतं. चांदीची तार घ्यायची, ती केसांच्या आकड्यासारखी मधोमध दुमडायची आणि चपटी करून तिच्यावर ठसा मारायचा. वजन साधारण पावणेपाच ग्रॅम. आदिलशाहीनंही अशा लारी पाडल्या. दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लारी मिळतात, म्हणजे पन्हाळ्याच्या वेढ्याच्याच काळातल्या. रत्नागिरी जिल्ह्यात लारींचा साठाही सापडलेला आहे.

मुलानं फोनवर लारीचं चित्र मोठं करून बघितलं आणि म्हणाला, “आई, ही तर आपली तार आहे!” खरंच की. आपल्या गावात चांदी मुशीत आटते, लगड पडते, मग तार ओढतात, तार कापून कडी करतात, कडीला कडी जोडतात. लारी पाडणाऱ्या कारागिरानंही तेच केलं, फक्त जोडणीच्या आधी थांबला आणि ठसा मारला. नाणं खरं की खोटं हे कळायला सराफ ती तार कापून आतली चांदी बघे. आजही आपण टंच काढल्याशिवाय चांदी घेत नाही. विश्वास आहे, पण तपासूनच.

इथं मला एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती रिआलची चांदी आली कुठून? बरीचशी दक्षिण अमेरिकेतून. आजच्या बोलिव्हियात पोटोसी नावाचा डोंगर आहे. १५४५ साली तिथं चांदी सापडली. स्पेनच्या राज्यानं आसपासच्या गावांतली माणसं पाळीपाळीनं सक्तीनं त्या खाणीत राबवली. पाऱ्यानं, धुळीनं, दरडीनं किती माणसं मेली याला गणती नाही. तिथून ती चांदी युरोपात, तिथून जहाजानं आपल्याकडं, आणि मग कुणाच्या तरी पैंजणात. चांदी आटली की तिचा मागचा ठसा पुसला जातो. पण हिंसा पुसली जाते का? आपण पाणी गाळून पितो, दिवा झाकतो, रात्री जेवत नाही. मग जो जिन्नस आपल्या गावाचं पोट भरतो तो कुणाच्या हातांनी जमिनीतून निघाला, हे विचारणंही धर्मातच येतं. आजही देशाला लागणारी बरीच चांदी बाहेरून येते. मी काही धंदा बंद करा म्हणत नाही. पण परिग्रह-परिमाण करताना केवळ तोळे मोजू नयेत, त्यामागचे हातही आठवावेत, असं मला वाटतं.

बंदरं मेली कशानं?

राजापूर लुटलं गेलं, विजयदुर्ग जळला, तरी बंदरं त्यानं मेली नाहीत. लुटीनंतर बाजार पुन्हा भरत होते. ती मेली हळूहळू, आणि आवाज न होता. घाटावरचं रान तुटलं, पावसाबरोबर माती खाली आली, खाड्या गाळानं भरल्या. पूर्वी जिथं मोठी गलबतं येत तिथं फक्त होड्या येऊ लागल्या. मग आगबोटी आल्या, त्यांना खोल पाणी हवं, त्या खाडीच्या तोंडाशीच थांबू लागल्या. आणि शेवटी रेल्वे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि आपल्या भागातला गूळ, तंबाखू, कापूस पुण्यामार्गे मुंबईला जाऊ लागला. बैलांच्या तांड्यांना घाट उतरायचं कारणच राहिलं नाही. कोकणात रेल्वे यायला १९९८ साल उजाडलं. मधल्या शंभर वर्षांत कोकणी माणूस बोटीत बसून मुंबईला गेला, गिरणीत राबला आणि मनिऑर्डर पाठवत राहिला.

माल ज्या वाटेनं जातो, बाजार त्या वाटेवर असतो. वाट बदलली की बाजार उठतो. मग गावात काय राहतं? ज्या गावानं फक्त वाटेवर बसून जकात घेतली, त्याच्याकडं फारसं काही राहत नाही. ज्याच्या हातात काम आहे, त्याच्याकडं ते राहतं.

हुपरी कुठल्याही बंदरावर नाही, मोठ्या रेल्वे जंक्शनवर नाही. तरी चांदीचा धंदा इथं रुजला तो हातांच्या जोरावर, आणि त्या हातांत निम्मे हात बायकांचे आहेत. दुपारची भांडी झाली की ओसरीवर बसून कड्या जोडणाऱ्या, घुंगरं भरणाऱ्या बायका. आता यंत्रावर साखळी निघते, ओतकामाचे साचे आलेत, भाव एका दिवसात असा उसळतो की छोटा कारखानदार घाबरतो. आमच्या घरातही तोच विषय आहे. मुलाला सगळं यंत्रावर न्यायचं आहे, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. यंत्राची घट कमी, वेळ कमी. यांना वाटतं, जोडणीच्या बायकांना काम राहिलं पाहिजे. त्या बायकांतल्या दोघी आमच्याकडं वीस-बावीस वर्षं काम करतात.

परतताना अणुस्कुरा घाट चढलो. कधीकाळी याच घाटानं बैल मिरी घेऊन उतरले आणि चांदी घेऊन चढले. गाडीत पुन्हा तोच विषय निघाला, पण या वेळी भांडण झालं नाही. मुलगा म्हणाला, “गाळ साचतोय हे कळलं तर खारेपाटणच्या लोकांनी काय करायला हवं होतं?” हे म्हणाले, “नाव लहान करायची, पण नाव चालवणारा सोडायचा नाही.” घरी आल्यावर दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. साधी साखळी यंत्रावर, नक्षीचं आणि घुंगरांचं काम हातावर, आणि त्या दोघींनी नव्या मुलींना शिकवायचं, त्याचा वेगळा पगार. परवडतंय का ते सहा महिन्यांनी बघायचं. मी त्यात एकच ओळ घातली. वहीच्या पहिल्या पानावर धर्मादाय खातं, आणि प्रत्येक विक्रीतून त्याचा हिस्सा त्याच दिवशी बाजूला. रट्टराजाच्या ताम्रपटासारखा.

तुम्हीही कधी घाट उतरलात तर समुद्राच्या आधी खाडीच्या शेवटचं गाव बघा. खारेपाटणला मंदिरात दर्शन घ्या. पाणी आणि डबा बरोबर ठेवा, कारण सूर्यास्ताच्या आत आपल्याला चालेल असं जेवण वाटेत मिळेलच असं नाही. आणि मुलांना पायातलं पैंजण दाखवून विचारा, ही चांदी कुठून आली असेल? उत्तर शोधायला त्यांना बराच वेळ लागेल, आणि तो लागू द्यावा.

जय जिनेंद्र.